ओळीच्या टोकाला बसलेली

"हलू नका. डोळे मिटू नका. इकडं बघा." माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला आयुष्यभर हेच सांगितलं गेलं. आता जरा तुम्ही हलू नका, कारण आज बोलायची पाळी माझी आहे. मी फोटोच्या पेटीचं भिंग. चार काचा, त्यांच्याभोवती पितळेची नळी, पुढं करायला-मागं घ्यायला एक दातेरी चाक (ते नीट फिरवल्याशिवाय मला सगळं धुरकटच) आणि तोंडावर चामड्याची टोपी. अंगानं दूध मोजायच्या मापाएवढा आहे, पण तोरा म्हणाल तर पाटलाच्या घोड्याचा.

आणि तोरा का नसावा? माझा जन्म व्हिएन्ना शहरातला. आमच्या घराण्याचं गणित म्हणे तोफखान्यातल्या लोकांनी मांडलं होतं. आमच्याआधीची भिंगं अगदीच मंद. त्यांच्यासमोर माणसाची मान मागून लोखंडी चिमट्यात अडकवावी लागे, तरी फोटोत भूत यायचं. मी उजेड घटाघटा पितो. एक-दोन म्हणेपर्यंत माणूस काचेवर उतरलेला असतो.

जहाजातून मुंबईला आलो. तिथून एका हर्राशीत, बोली लावून, हैदराबादच्या फोटोवाल्यानं मला उचललं. नवाब पाहिले, त्यांचे हुक्के पाहिले. पुढं विलायतेहून नवी भिंगं आली आणि मला फडताळात टाकलं. तिथं किती वर्षं धूळ खाल्ली, कोण जाणे. मग एक दिवस मोमिनाबादचा उत्तरेश्वर नावाचा एक किडकिडीत माणूस आला, त्यानं मला कनवटीला लावलं आणि बैलगाडीतून आपल्या गावी आणलं. व्हिएन्ना ते मोमिनाबाद! नशिबाला हसावं की रडावं? पण मोमिनाबादेत निजामाचा रिसाला होता. घोडेस्वारांना आपल्या मिशांचा भारी अभिमान. त्यामुळं उत्तरेश्वरचं दुकान चाललं.

माणसं माझ्यासमोर आली की त्यांना काय होतं, देव जाणे. घरून चांगला हसत-बोलत आलेला माणूस खुर्चीत बसला की तिरडीवर बांधल्यासारखा ताठ होतो. छाती फुगवतो, श्वास कोंडतो, डोळे वटारतो. उत्तरेश्वरकडं साखळीचं एक घड्याळ होतं, आतून बंद पडलेलं. ते प्रत्येकाला छातीवर लागायचं. मोमिनाबादेतल्या निदान सत्तर घरांत फोटो लटकतोय आणि सत्तरांच्या छातीवर तेच घड्याळ, त्याच पावणेदहा वाजता. वर प्रत्येक जण पाहुण्याला सांगणार, "हैदराबादेहून मागवलं व्हतं." मागची दुधी काच मला ही सगळी मंडळी उलटी दाखवते, डोकं खाली आणि पाय वर. मला तर ती तशीच बरी वाटतात.

आता माझी खोड सांगतो. खोड म्हणा, स्वभाव म्हणा. माझी नजर सपाट नाही, परातीसारखी वाकडी आहे. मधोमध बसलेला माणूस मी असा दाखवतो की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. पण त्याच रेषेत बाजूला, दूर टोकाला जो बसेल, तो माझ्या नजरेतून सुटतो. लोण्यासारखा वितळतो. आणि पाठीमागचं झाड तर विचारूच नका, पानं सगळी गरगर फिरायला लागतात. एकट्या माणसाचा फोटो असेल तर ही खोड म्हणजे दागिना. मागचं सगळं विरघळतं, तो एकटा उरतो. दहा जण असतील तर मात्र त्यांना वाकून बसावं लागतं. शेकोटीभोवती बसतात तसं, अर्धगोल. टोकाच्या लोकांनी माझ्याकडं थोडं सरकायचं, मधल्यांनी मागं. एवढं केलं की सगळे स्वच्छ. शेकोटीपुढं माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. फोटोपुढं मात्र अक्कल घरी राहते.

दुसरा एक उपाय असतो. माझ्या नळीला चीर आहे, तिच्यात बारीक भोकाची पितळी पट्टी सरकवली की माझं पिणं कमी होतं आणि टोकंही जागेवर येतात. पण मग दहा आकडे होईस्तोवर सगळ्यांनी दगड होऊन बसायचं.

पाटलाच्या घरी हे जमलं नाही. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

युसूफ वडगावच्या अलीकडं एक गाव. तिथले पाटील आप्पाराव. वय साठीचं, छातीत दम्याची घरघर. मनात आलं, डोळे मिटायच्या आत घरादाराचा एक फोटो व्हावा. उत्तरेश्वरला सांगावा गेला. पेटी, तिचं तीन पायांचं तिकाटणं आणि मला घेऊन तो बैलगाडीनं पोचला.

आप्पारावांना दोन बायका. थोरल्या सरस्वतीबाई, लग्नाच्या. धाकटी शिवकन्या, पाटाची. ती मांजरसुंब्याकडची, ऐन तरणेपणी विधवा झालेली. सरस्वतीबाईंना मूल नाही, म्हणून आप्पारावांनी तिच्याशी पाट लावला. पाटाला ना मांडव, ना वाजंत्री, ना पंगत. गावाबाहेरच्या देवळात चार माणसांसमोर चोरी केल्यासारखं उरकतात. लग्न म्हणजे लग्न आणि पाट म्हणजे पाट. मूल पुढं तिलाही झालं नाही. घरात ती राबायची, दमेकरी नवऱ्याची पाठ शेकायची आणि चारचौघांत मागं सरून उभी राहायची.

वाड्यासमोरच्या लिंबाखाली खुर्च्या-बाकं मांडली आणि मानपान सुरू झाला. मधोमध आप्पाराव. उजवीकडं पुरुष, म्हणजे चुलते, चुलतभाऊ असं उतरत उतरत टोकाला आप्पारावांचा सगळ्यांत धाकटा भाऊ सुंदरराव. डावीकडं बायका, आधी सरस्वतीबाई, मग जावा, नणंदा आणि पार टोकाला शिवकन्या. गडी-माणसं मागं उभी. एवढं ठरायला सकाळची दुपार झाली. हा त्याच्यावर रुसला, तो ह्याच्याआधी बसेना. पिकाला पाणी द्यायला ह्यांनी कधी एवढी मेहनत केली असेल का, शंकाच आहे.

उत्तरेश्वरनं काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि बाहेर काढलं. म्हणाला, "पाटील, टोकाच्या मंडळींनी वाईच पुढं सरकावं. शेकोटीला बसल्यावानी. न्हाईतर तोंडं नीट येणार न्हाईत."

सुंदरराव उसळला. "कावून बे? मी दादाच्या पुढं बसू? आन ती पाटाची बाई लग्नाच्या बाईच्या पुढं बसंल? गाव शेण घालंल तोंडात! वळ सरळच पायजे."

"पर मालक, भिंगाची रीतच तशी हाय…"

"भिंगाची रीत तुझ्या घरी. हितं पाटलाच्या घरची रीत."

आप्पाराव काही बोलायला गेले, पण खोकल्याची उबळ आली. शिवकन्या टोकावरून उठून पाणी घेऊन धावली. सुंदररावनं डोळे वटारताच ती परत जागेवर. उत्तरेश्वरनं बारीक भोकाची पट्टी काढली, आप्पारावांची घरघर ऐकली आणि परत ठेवून दिली. दहा आकडे श्वास रोखणं त्या माणसाला शक्य नव्हतं. मग त्यानं मला तसंच, सताड उघडं ठेवलं. एवढ्या मोठ्या आवाजात "हलू नका" म्हणणारा हा मनुष्य, पाटलाच्या भावानं डोळे दाखवले की गपगार. टोपी निघाली, एक-दोन झालं, टोपी बसली.

फोटो तयार होऊन आला. आप्पाराव असे की कपाळावरची आठी मोजावी. सरस्वतीबाईंच्या नथीचा मोती चमकतोय. मधल्या ह्या दोघांपासून दोन्ही बाजूंना माणसं हळूहळू पातळ होत गेलेली. एका टोकाला सुंदरराव म्हणजे मंदिलाखाली चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा. दुसऱ्या टोकाला शिवकन्या म्हणजे पदरात गुंडाळलेलं धुकं. मागची पानं भिंगरीसारखी फिरताहेत. मी मनातल्या मनात हसलो. बसा सरळ! अजून बसा!

शिवकन्येनं फोटो जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. "अगं बया," ती म्हणाली, "ह्यांचं कसं झ्याक आलंय. माझं मातर त्वांडच न्हाई." आणि पदर तोंडाला लावून हसली. आप्पाराव म्हणाले, "आजून एक काढू. तू न् मी." त्यांचा दम ओसरला की काढू, असं ठरलं. तो ओसरलाच नाही. दीड वर्षानं आप्पाराव गेले.

दिवस घातले न घातले तोच सुंदररावनं शिवकन्येचं गाठोडं ओसरीवर आणून टाकलं. "दादा गेला. कामाला ठिवलेल्या बाईचं आता हितं काय काम?" ती म्हणाली, "कामाला? म्या पाटाची हाय." तो म्हणाला, "कोन बगाय गेलतं?" देवळातल्या चार माणसांपैकी दोन वर गेलेली. तिसरा गाव सोडून गेला होता. चौथे भगवानराव, आप्पारावांचे चुलतभाऊ, ते सुंदररावच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आपल्या शेताला घेणारे. त्यांना काही म्हणजे काही आठवेना. सरस्वतीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनाही आता दिराच्या हातचंच खायचं होतं. त्या आत निघून गेल्या. ह्याच बाईचा मोती मी एवढ्या निगुतीनं चमकवला होता. लाज वाटली मला त्या मोत्याची.

शिवकन्या मांजरसुंब्याला भावाकडं गेली आणि तिथून भावाला, धोंडीरामला घेऊन मोमिनाबादच्या मुन्सफाकडं अर्ज केला. जमीनजुमला तिनं मागितला नाही. मला त्या घरात आप्पारावांची बायको म्हणून राहू द्या, सरकारी कागदावर "कामाची बाई" असं माझं नाव लागू देऊ नका, एवढंच. मग ती आमच्या दुकानात आली.

"भाऊ, तुमच्यापशी काच आसंल ना त्या फोटोची? एक काढून द्या. आन गवाही द्या, मी व्हते म्हणून."

उत्तरेश्वर म्हणाला, "देतो की." त्याच आठवड्यात सुंदरराव दुकानात येऊन बसला. पान खाल्लं, पिचकारी मारली आणि म्हणाला, "उत्तरेश्वर, आमच्या भागात पुढं लई फोटो काढायचे हायत म्हनं तुला?" झालं. दुसऱ्या दिवसापासून उत्तरेश्वर गवाहीचं नाव काढेना. मी फळीवरून सगळं ऐकत होतो. ह्याचा जीव मुळात केवढा, त्यात भीती केवढी.

तारखेला मुन्सफसाहेबांनी पेटीसकट बोलावलं, म्हणून मीही गेलो. माझ्या तोंडावर टोपी होती. दिसलं काही नाही, ऐकलं मात्र सगळं.

"ये तस्वीर तुम निकाले?"

"जी, साहेब."

"इस कोने में कौन बाई बैठी है?"

शिवकन्येच्या पदराची सळसळ झाली. उत्तरेश्वर म्हणाला, "आठवत न्हाई, साहेब. लई लोक व्हते." अरे भेकडा! ह्याच्या कनवटीला लागून मी बैलगाडीतनं आलो, ह्याची चूल माझ्या जिवावर पेटली! माझ्या काचा तडकल्या कशा नाहीत, याचंच नवल.

सुंदररावला चेव आला. "साहेब, तोंडच दिसत न्हाई तर वळखायचं कसं? आसंल कुणी कामाची बाई. बसली आसंल टोकाला."

मुन्सफसाहेब म्हातारे आणि चौकस होते. कागदाचा आवाज झाला, बहुतेक फोटो उजेडाकडं नेला असावा. "चेहरा ऐसा क्यों बिगड़ा? मशीन खराब है क्या?"

आता उत्तरेश्वरच्या वर्मावर बोट पडलं. पाटलाला तो भ्यायचा, पण माझी निंदा त्याला सोसायची नाही. "मशीन खराब न्हाई, साहेब! भिंगाची नजर वाकडी आसती. लोक सरळ बसले की दोनी टोकं इरघळतात. ही बाजू बी तशीच हाय, बगा की."

"हौ, ये तो बराबर है. तो इस तरफ ये कौन है?"

"मीच की, साहेब!" सुंदररावचा आवाज चढला.

"चेहरा तो तुम्हारा भी नहीं दिखता."

"चेहरा नसंल दिसत, जागा तर दिसती! आमच्या घरात बसायची रीत हाय साहेब. दादाच्या उजव्या अंगाला चुलते, मग भावकी, शेवटी मी. डाव्या अंगाला घरच्या बाया. त्या वळीत परकं माणूस बसूच शकत न्हाई. चाकरमाणसं ती बगा, मागं हुबी हायत, लिंबाखाली."

बोलून झालं.

मुन्सफसाहेबांनी खाकरून घसा मोकळा केला. "बहुत अच्छा. चाकर लोग पीछे खड़े. ओळीत फकत घर के लोग. तो ये बाई ओळीत कैसे बैठी, सुंदरराव?"

"ती… ती चुकून…"

"चुकून न्हाई!" हा आवाज उत्तरेश्वरचा. मी दचकलो. हा माणूस पाटलाच्या भावासमोर एवढ्या मोठ्यानं बोलू शकतो? "मघाशी मी खोटं बोललो, साहेब, भ्यालतो. टोकाला शिवकन्याबाईच व्हत्या. मी म्हणलो पुढं सरका, तर ह्यांनीच सरकू दिलं न्हाई. पाटाची बाई लग्नाच्या बाईच्या पुढं बसंल का, आसं म्हणले. पाटाची बाई म्हणले, साहेब! सगळ्या भावकीदेखत. बोलवा आन इचारा."

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. भगवानरावांनाही एकाएकी देवळातला पाट आठवला, म्हणजे बघा. मोठेपणासाठी ज्यानं ओळ सरळ ठेवली, त्यानंच आपल्या तोंडानं तिला घरात बसवलं. माणसाइतकं बेअक्कल जनावर मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी टोपीच्या आत मनसोक्त हसून घेतलं.

आठवड्यात निकाल लागला. आप्पारावांची पाटाची बायको म्हणून शिवकन्येचं नाव सरकारी कागदावर चढलं. घर सोडायला तिला कुणी सांगू शकणार नव्हतं. निकालाच्या दिवशी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली उत्तरेश्वरनं पेटी उभी केली. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हणाला, "बाई, बसा. तुमचा एकटीचा काढतो, झकास. पैसा घेणार न्हाई."

मलाही हुरूप आला. एकटं माणूस, मधोमध, मागं झाड! ह्याच्यासाठीच तर माझा जन्म. दाखवतोच आता, पापणीचा केस न् केस दाखवतो. धोंडीरामनं स्टूल आणलं. ती बसली. टोपी निघाली. समोर पांढऱ्या लुगड्याचा एक धुरकट आकार होता. उत्तरेश्वर फडक्यात शिरला आणि माझं चाक फिरवायला लागला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली.

"कावून? उजेड ब्येस हाय."

"मला एकटीचा कशाला? त्यांच्यासंग काढायचा व्हता. त्यो काढून देता का?"

उत्तरेश्वर फडक्यातून बाहेरच येईना. मी, उजेड घटाघटा पिणारा, व्हिएन्नाचा, तोफखान्याच्या गणिताचा, तो फोटो मलाही काढता येणार नव्हता. त्या माणसाबरोबर ती आयुष्यात एकदाच माझ्यासमोर बसली होती. तेव्हा मी तिला वितळवलं आणि वर हसलो. तिला दोन हात पुढं सरकू दिलं नाही सुंदररावनं, हे खरं. पण हसलो तो मी. ती उठली, पदर सारखा केला आणि भावाच्या मागून चालू लागली.

आता उत्तरेश्वर थकलाय. दुकान बंद झालं. मी त्याच्या घरी ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेला आहे. मागच्या काचेवर बुरशीचे धागे धरलेत. नव्या भिंगांची नजर सपाट असते म्हणे, टोकापर्यंत सगळं लख्ख दिसतं. असेल. तुम्हाला माझ्यापेक्षा शहाणं भिंग मिळो. पण कधी कुणी मला पुसून पुन्हा पेटीला लावलंत, तर माझं एक ऐका. माणसांचा मान ठेवून फोटो काढू नका. पाटील बसो की पाटलाची पाटाची बायको, टोकाचं माणूस पुढं ओढून घ्या, हाताला धरून ओढा, कोण रुसतं ते रुसू द्या.

माझ्यासमोर हजारभर चेहरे बसून गेले आणि नावं ठेवायला मी एकालाही सोडलं नाही. पण शिवकन्या दिसायला कशी होती, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. त्या दिवशी चाक अजून फिरत होतं, माझी नजर तिच्या चेहऱ्यावर स्थिरावायच्या आतच ती उठून गेली.